अफवेचे मानसशास्त्र : पाटण्यापासून राईनपाड्यापर्यंत

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. पुढचे काही आठवडे पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या वावड्या टिपून घेत होते. गंगेचे पाणी एकाएकी नाहीसे झाले आणि स्नान करणारे वाळूत रुतले. १८-१९ जानेवारीला पाटण्यात मोठे वादळ होणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा जबर धक्का बसणार. २६ फेब्रुवारीला तर प्रलयच.

प्रसादांचा निबंध १९३५ मध्ये ब्रिटनमधल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. अफवा कधी पिकते, याच्या अटी त्यांनी त्यात मांडल्या. घटना भावना ढवळून काढणारी हवी आणि नेहमीच्या अनुभवाबाहेरची हवी. तिच्याबद्दल बरेच काही अज्ञात असावे, ऐकीव गोष्ट पडताळायची सोय नसावी आणि साऱ्या समूहाचा तिच्याशी संबंध असावा. आजच्या कोणत्याही ‘व्हायरल’ मजकुराला या अटी लावून पाहाव्यात, बहुतेक सगळ्या लागू पडतात.

यातली एक गोष्ट मात्र चक्रावणारी होती. या अफवा धीर देणाऱ्या नव्हत्या, उलट आणखी घाबरवणाऱ्या होत्या. आधीच भेदरलेली माणसे स्वतःला आणखी का भेदरवतील? शिवाय त्या पिकल्या कुठे, तर धक्का जाणवला पण पडझड झाली नाही अशा भागांत. पुढे १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या, तेव्हा दुर्गानंद सिन्हांनी अशीच पाहणी केली. तिथे लोक प्रत्यक्ष ढिगाऱ्यात उभे होते आणि येऊ घातलेल्या आणखी मोठ्या संकटाच्या वावड्या जवळजवळ नव्हत्या.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना या कोड्याने पछाडले. त्यांनी काढलेला अर्थ असा: छातीत धडधड आहे, पण आजूबाजूला घाबरण्याजोगे काही दिसत नाही, ही अवस्था मनाला सोसत नाही. मग भीतीला साजेसे कारण शोधले जाते आणि अफवा ते आयते पुरवते. दार्जिलिंगकरांना अशा कारणाची गरजच नव्हती. १९५७ मध्ये मांडलेल्या बोधनिक विसंवादाच्या (cognitive dissonance), म्हणजे मनातल्या दोन गोष्टी जुळेनाशा झाल्या की होणाऱ्या अस्वस्थतेच्या, सिद्धान्ताची सुरुवात इथून झाली, हे फेस्टिंगर यांनी स्वतः प्रस्तावनेत सांगितले आहे. वर्गात मात्र फेस्टिंगर शिकवले जातात आणि प्रसाद बहुधा गाळले जातात.

दरम्यान, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अफवांचे पेवच फुटले. रॉबर्ट नॅप यांनी सप्टेंबर १९४२ मध्ये गोळा झालेल्या १,०८९ अफवांची वर्गवारी केली. सुमारे दोन तृतीयांश अफवा कुणाबद्दल तरी द्वेष पसरवणाऱ्या होत्या, पाव हिस्सा भीतीच्या, आणि गोड बातमीच्या जेमतेम दोन टक्के. नंतर ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी प्रयोग रचला. पडद्यावर एक चित्र. ते न दिसणाऱ्या पहिल्या माणसाला चित्रातले वीसेक तपशील सांगायचे, त्याने ते दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच-सहा तोंडांतून जाईपर्यंत सुमारे ७० टक्के तपशील गळत, उरलेले ठसठशीत होत आणि ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाच्या साच्यात बसत. एका चित्रात वस्तरा गोऱ्या माणसाच्या हातात होता. तो कृष्णवर्णीयाच्या हातात असल्याचे निम्म्याहून अधिक मालिकांत कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर सांगितले गेले.

फोनवर ही गळती वेगळ्या वाटेने होते. फॉरवर्ड केलेला मजकूर जसाच्या तसा पोचतो, गळतो तो संदर्भ. २०१८ मध्ये भारतभर फिरलेली, मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याची क्लिप मुळात कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची होती. शेवटी मूल परत आणून फलक दाखवला जातो, तेवढाच भाग कुणीतरी कापला. उरलेले काम ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ या स्थानिक भाषेतल्या एका ओळीने केले.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी गावोगाव फिरणारे लोक होते. ‘अडाणी लोक काहीही खरे मानतात’ हे स्पष्टीकरण तेव्हा सर्रास ऐकू आले. ते आळशीपणाचे आहे. भीती आधीच मुरलेली होती, आणि त्या पाच जणांचे म्हणणे पडताळण्याइतका धीर जमावाकडे नव्हता. भटक्यांविषयीचा जुना संशय अफवेला चेहरा पुरवायला तयारच होता. वस्तऱ्याच्या प्रयोगात जे घडले तेच हे, फक्त इथे माणसे मेली.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली आणि भारतात एका वेळी फक्त पाच चॅटची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून, पाच किंवा अधिक वेळा पुढे गेलेला, दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येऊ लागला. अशा संदेशांचे प्रमाण त्यानंतर ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. पळवाट मात्र उघडी आहे: मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की ना बाण, ना मर्यादा. तो पाठवणाऱ्याचाच शब्द वाटतो, म्हणजे अधिकच विश्वासार्ह.

मर्यादा सांभाळूनही एकच संदेश सोसायटीच्या, शाळेच्या आणि भावकीच्या ग्रुपवर वेगवेगळ्या हातांनी येतोच. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो यांनी १९७७ मध्ये विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा प्रत्येकी ६० विधाने दिली. त्यांतली २० दर वेळी तीच होती. खरी असोत वा खोटी, पुन्हा पुन्हा समोर आलेली विधाने दर खेपेला अधिक खरी वाटत गेली. ओळखीचे झाले की पटते. अफवेचे खंडनही इथे फसू शकते. ‘अमुक टोळी आलेली नाही’ असे मथळ्यात लिहिले की टोळी आणखी एकदा वाचली जाते आणि ‘नाही’ विसरले जाऊ शकते. म्हणून खंडनात खरी गोष्ट आधी यावी, अफवेचा उल्लेख एकदाच, तोही ती खोटी असल्याचे सांगून झाल्यावर. मूळ फोटो किंवा क्लिप पुन्हा जोडायचीच असेल तर तिच्यावर आडवी ठळक फुली हवी, नाहीतर खालचा मजकूर कापून तेवढीच पुढे पाठवली जाते.