धनराज पिल्लेचा वेग : पाय, मनगट आणि मैदान

भारताचा हॉकीपटू धनराज पिल्लेबद्दल बोलताना लोक आधी त्याच्या वेगाबद्दल बोलतात, मग त्याच्या रागाबद्दल. राग बाजूला ठेवू. वेगाचं गणित मात्र दिसतं तितकं सरळ नाही. शंभर मीटर धावणारा माणूस ताठ उभा राहून, हात मोकळे हलवत धावतो. हॉकीतला फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा खेळाडू, कमरेत वाकलेला असतो, दोन्ही हात स्टिकला जखडलेले आणि पुढे साधारण 160 ग्रॅमचा कडक चेंडू. हात झुलवता आले नाहीत की धडाचा तोल सांभाळायला पोटापाठीच्या स्नायूंना जास्त राबावं लागतं. नुसतं धावण्यापेक्षा चेंडू घेऊन धावायला जास्त ऊर्जा लागते, ती यामुळेही.

धनराज वाढला पुण्यात, खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत. मऊ, धुळीचं मैदान, मोडक्या स्टिक, कुणीतरी टाकून दिलेले चेंडू आणि मनात आदर्श म्हणून हॉकीपटू मोहम्मद शाहिद. अशा मैदानावर चेंडू कधी उडेल, कधी अडेल याचा नेम नसतो. त्यामुळे तो स्टिकजवळच ठेवावा लागतो आणि आदळताना स्टिक किंचित मागे घ्यावी लागते. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, तोच हिशेब : थांबायला मिळणारा वेळ वाढला की धक्क्याचा जोर कमी होतो.

त्यात हॉकीची एक खोड आहे. चेंडू स्टिकच्या सपाट बाजूनेच खेळायचा. उजवीकडचा चेंडू डावीकडे आणला की परत न्यायला स्टिक उलटी करावी लागते, म्हणजे मनगटाने जवळजवळ अर्धा फेरा. इथे जडत्वाघूर्ण, म्हणजे वस्तूचा फिरण्याला होणारा विरोध, कामाला येतं. वजन फिरण्याच्या अक्षापासून दुप्पट लांब गेलं, तर ते फिरवणं चौपट जड होतं. स्टिकचा दांडा अक्षालगतच असतो, बाहेर येतं ते फक्त खालचं वळण. ते आखूड असेल तर स्टिक झटकन उलटते. लांब वळणाच्या जुन्या स्टिकने हा खेळ जमला नसता.

आता समोरचा बचावपटू. डोळ्यांनी पाहून शरीर हलवायला माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. फॉरवर्ड सेकंदाला 8 मीटर वेगाने येत असेल, तर तेवढ्यात तो 1.6 मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय बचावपटूने एकदा वजन एका पायावर टाकलं, की ते परत आणायला आणखी वेळ जातो. म्हणून माझ्या मते धनराजचं खरं अस्त्र वेग नव्हे, वेगातला बदल होता. तो जरा हळू व्हायचा, समोरचा थबकायचा, आणि मग हा निसटायचा.

1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. त्या वर्षी भारत सातवा आला आणि तेव्हापासून आपण सगळा दोष हिरव्या गालिच्यावर ढकलत आलो. पण या मैदानाने फॉरवर्डला काही दिलंही. पाणी मारलेल्या सपाट पृष्ठभागावर चेंडू उड्या न मारता सरळ घरंगळतो. तो दोन पावलं पुढे ढकलून मान वर करता येते. डोळ्याला बारकाईने दिसतो तो भाग जेमतेम दोन अंशांचा. खाली चेंडूवर खिळलेली नजर मोकळी झाली की सहकारी दिसतो, गोलरक्षक दिसतो. पुढे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात फॉरवर्डला बचावफळीच्या मागे चेंडूची वाट पाहू न देणारा ऑफसाइडचा नियम गेला आणि बचावफळीच्या मागेही जागा खुली झाली. 1998 मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी आशियाई क्रीडा स्पर्धेतलं सुवर्ण जिंकलं.

1989 ते 2004, चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, 339 सामने. ऑलिंपिक पदक एकही नाही. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडने दोन मिनिटंही उरलेली नसताना बरोबरी साधली आणि भारताची उपांत्य फेरी हुकली. सामना तेव्हा 70 मिनिटांचा असे. पूर्ण जोराच्या धावेला स्नायूंतलं झटपट ऊर्जा देणारं क्रिएटिन फॉस्फेट लागतं. ते काही सेकंदांत बरंचसं संपतं आणि पूर्ण भरून यायला काही मिनिटं जातात. दमलेला बचाव उशिरा वळतो, तो यामुळेही. वयानुसार झपाट्याने आकुंचन पावणारे स्नायुतंतूही घटतात. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला धनराज 36 वर्षांचा होता आणि तरीही फॉरवर्डच खेळत होता.