टूथब्रश : निवड आणि वापर

टूथब्रश : दातांवर, विशेषतः दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर साचणारा जिवाणूंचा चिकट थर काढून टाकण्याचे साधन. दुकानात नागमोडी केसांचे, तिरक्या झुबक्यांचे, रबरी कंगोऱ्यांचे, कोळसा मिसळलेल्या काळ्या केसांचे असे नाना प्रकारचे ब्रश टांगलेले दिसतात. यांतले बरेचसे फरक दातांपेक्षा वेष्टनाच्या सोयीचे असतात. ब्रश दात आणि हिरड्या किती स्वच्छ करील हे मुख्यतः केसांचा मऊपणा, त्यांच्या टोकांची घडण आणि डोक्याचा आकार यांवर ठरते. त्याहून जास्त ते ब्रश धरणाऱ्या हातावर ठरते.

काढायचा असतो तो थर म्हणजे प्लाक. दात घासल्यावर काही तासांतच तो पुन्हा धरू लागतो. नुसती चूळ भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेटचे क्षार त्यात बसून त्याचे कठीण किटण बनते. किटण कोणत्याही ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. हिरड्यांच्या दुखण्यामागे हाच थर आहे, हे डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हॅरल्ड लोए व सहकाऱ्यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना त्यांनी दात घासणे पूर्ण बंद करायला लावले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात तो ओसरला. ब्रश लागताच रक्त येते म्हणून नेमकी तीच जागा टाळण्याची सवय घरोघरी दिसते. ती उलटी पडते, कारण रक्त बहुधा तिथे साचलेल्या थरामुळे येत असते. मऊ ब्रशने ती जागा रोज हलक्या हाताने घासूनही एकदोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर दंतवैद्याला दाखवावे.

केसांची जाडी साधारणपणे मऊ ब्रशात 0.2 मिमी., मध्यम ब्रशात 0.3 मिमी. आणि कडक ब्रशात 0.4 मिमी. असते. मऊपणा एकट्या जाडीवर ठरत नाही. केस जितका आखूड तितका तो ताठ राहतो, त्यामुळे सारख्याच जाडीचे लांब केस हाताला मऊ लागतात. वेष्टनावरचा ‘मऊ’ हा शब्दही सगळ्या कंपन्यांचा एका मापाचा नसतो. शंका असली तर जास्त मऊ वाटेल तो घ्यावा. मऊ ब्रशने दात स्वच्छ निघत नाहीत ही समजूत बहुधा मोरी घासण्याच्या अनुभवातून आली असावी. प्लाक मुळात मऊ असतो, त्याला कडक केसांची गरजच नसते. कडक केस, त्यावर जोर आणि आडवे घासणे हे तिन्ही एकत्र आले की हिरडी हळूहळू मागे सरते आणि दाताच्या मुळाचा भाग उघडा पडतो. तिथे एनॅमलचे कवच नसते, त्यामुळे तो भाग लवकर झिजतो. दाताच्या मानेशी पाचरीसारखी खाच पडते आणि गार पाणी लागले की सणक जाते. उजव्या हाताने घासणाऱ्यांत ही झीज पुष्कळदा डाव्या बाजूच्या सुळ्यापाशी जास्त दिसते, कारण हाताचा जोर तिथे सर्वाधिक पडतो.

केसांची टोके कापलेली तशीच सोडली तर ती धारदार राहतात आणि हिरडीला ओरखडतात. म्हणून चांगल्या ब्रशात ती घासून गोलसर केलेली असतात. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. तरी नवा ब्रश हिरडीवर फिरवताना टोचत असेल, तर दुसरा घेणे बरे. हल्ली टोकाकडे निमुळते होत जाणारे अतिमऊ केसही मिळतात. हिरड्या दुखऱ्या असलेल्यांना ते सोयीचे जातात.

ब्रशचे डोके मोठे असले की एका हातात जास्त दात उरकतात असे वाटते, पण मग शेवटच्या दाढेमागची जागा हमखास राहते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने प्रौढांसाठी घासणाऱ्या भागाची लांबी सुमारे 25 ते 32 मिमी. आणि रुंदी 8 ते 9.5 मिमी. सुचवली होती. यातही लहानाकडे झुकलेले बरे. दुकानात पाहण्याची खूण सोपी आहे : तोंड अर्धवट मिटले असताना वरच्या शेवटच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला डोके शिरेल का, याचा अंदाज घ्यावा. जबडा लहान असेल तर मोठ्या माणसाने मुलांचा ब्रश वापरण्यात काही गैर नाही.

हिरडीच्या कडेला केंद्रस्थानी ठेवून ब्रशचा विचार करणाऱ्यांत चार्ल्स बॅस यांचे नाव महत्त्वाचे आहे. गंमत म्हणजे ते दंतवैद्य नव्हते. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातील वैद्यकशाळेचे ते अधिष्ठाता होते. 1940 च्या दशकात त्यांनी गोल टोकांचे, सुमारे 0.18 मिमी. जाडीचे नायलॉनचे केस सुचवले आणि घासण्याची पद्धतही सांगितली. ती आज त्यांच्याच नावाने शिकवली जाते. ब्रश हिरडीच्या कडेशी 45 अंशांत तिरका धरायचा, केसांची टोके दात आणि हिरडी यांमधल्या बारीक फटीत टेकवायची आणि जागच्या जागी अगदी थोडे मागेपुढे हलवायचे. मग पुढच्या दोनतीन दातांवर सरकायचे. पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा लागतो. खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू लोक सर्वांत जास्त विसरतात, आणि किटणही तिथेच भरपूर साचते. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे हे सर्वमान्य माप आहे. घड्याळ लावून पाहिले तर दोन मिनिटे अपेक्षेपेक्षा लांब निघतात.

नायलॉन येण्याआधी ब्रशला रानडुकराचे केस लावत. ही रीत चीनमधून आली. इंग्लंडमध्ये 1780 च्या सुमारास विल्यम ॲडिस यांनी हाडाच्या दांड्याचे ब्रश मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. प्राण्यांचे केस पोकळ असतात, सावकाश वाळतात आणि टोकाशी फाटतात. 1938 मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या नायलॉनचा ब्रश अमेरिकेत बाजारात आला आणि त्या केसांचा जमाना ओसरला.

महाराष्ट्रात ब्रश घरोघरी पोहोचण्याआधी कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी, राखुंडी आणि मंजन चालत असे. अजूनही अनेक घरांत ते चालते. काडीचे टोक चावून कुंचा केला की ती ब्रशाचेच काम करते. समोरच्या दातांवर ते चांगले होते, पण दाढांच्या आतल्या बाजूला काडी वळत नाही. बोटाने मंजन लावल्यास हिरडीला चोळणे मिळते, मात्र बोट दातांच्या सांध्यात शिरत नाही, आणि मंजन भरड असेल तर दात झिजतात. मिसरीची गोष्ट वेगळी. भाजलेल्या तंबाखूची ती पूड असल्याने तिला दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणणेच चुकीचे आहे. तिने हिरड्यांचे नुकसान होते आणि व्यसन लागते.

विजेवर चालणारे ब्रश साध्या ब्रशपेक्षा थोडे सरस ठरले आहेत. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर प्लाक 21 टक्क्यांनी आणि हिरड्यांचा दाह 11 टक्क्यांनी कमी आढळला. फरक खरा आहे, पण डोळे दिपवणारा नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्यांना, पक्षाघातानंतर हात नीट न चालणाऱ्यांना, किंवा दुसऱ्याचे दात घासून द्यावे लागणाऱ्यांना हा ब्रश मोठा आधार ठरतो. जोर जास्त पडल्यावर थांबणारा किंवा दिवा लावणारा ब्रश दामटून घासणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. हा ब्रश घासत बसायचा नसतो, दातादातावर नुसता टेकवून धरायचा असतो. विकत घेण्याआधी त्याची बदलायची डोकी गावात मिळतात का आणि केवढ्याला, हे विचारून घ्यावे.

दोन दातांमधल्या फटीत कोणताही ब्रश पुरेसा पोहोचत नाही. तिथे दातांसाठीचा खास दोरा (फ्लॉस) किंवा फटीत मावणारा बारीक ब्रश लागतो. फटी रुंद असतील तर दोऱ्यापेक्षा बारीक ब्रशच चांगला. टाचणी, सेफ्टी पिन किंवा आगपेटीची काडी घालून दात कोरल्याने हिरडी दुखावते.

ब्रश तीन ते चार महिन्यांनी बदलावा, आणि केस त्याआधी फिस्कारले तर तेव्हाच. नवा ब्रश महिन्याभरातच फिस्कारत असेल तर हात जड पडतो आहे. वापरल्यावर तो धुऊन, झटकून उभा ठेवावा. टोपणात बंद केलेला ओला ब्रश वाळत नाही आणि त्यावर जंतू वाढतात, म्हणून टोपण प्रवासापुरतेच बरे. मुलांसाठी छोट्या डोक्याचा मऊ ब्रश घ्यावा. पेस्ट तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पुरते. सातआठ वर्षांपर्यंत त्यांच्या दातांवरून मोठ्यांनी एकदा ब्रश फिरवावा. कवळीसाठी मात्र वेगळा, मोठ्या डोक्याचा ब्रश मिळतो. पेस्टने कवळीवर चरे पडतात, त्यामुळे ती साध्या साबणाच्या पाण्याने घासतात.

बांबूच्या दांड्याचे ब्रश अलीकडे पर्यावरणाच्या काळजीपोटी घेतले जातात. त्यांचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात. दांडा मातीत टाकायचा असेल तर ते आधी पकडीने उपटून वेगळे काढावे लागतात.