बुलेटचा निळा धूर: वेट संपिंग की झिजलेलं बोअर?

बरेच महिने उभी असलेली जुनी लोखंडी बुलेट घरी आणायची, पेट्रोल बदलायचं, पॉइंट साफ करायचे आणि किक मारत राहायचं. गाडी सुरू झाली की सायलेन्सरमधून निळ्या धुराचा असा लोट निघतो की समोरचं घर दिसेनासं होतं. बघायला जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "बोअर-पिस्टन गेलं." मग हेड खोललं जातं, सिलिंडर बोअर करायला, म्हणजे आतून किंचित मोठा करून घ्यायला, लेथवाल्याकडे जातो, नवा ओव्हरसाइज पिस्टन येतो. इंजिन पुन्हा बसवून महिनाभर गाडी उभी राहिली की पहिल्या किकला तोच लोट! दोष लेथवाल्याला लागतो. त्या बिचाऱ्याने काम चोख केलेलं असतं. काम चुकीच्या जागी काढलेलं असतं.

इथे दोन वेगळे आजार एकाच लक्षणाने दिसतात. बोअर, रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले तर तेल जळतं आणि गाडीतून कमी होतं. वेट संपिंगमध्ये तेल फक्त जागा बदलतं. ते टाकीच्या कप्प्यातून क्रँकच्या पोटात, म्हणजे क्रँक आणि फ्लायव्हील फिरतात त्या पोकळीत, उतरलेलं असतं. म्हणून धुराचा रंग बघून निदान करू नये. तेल किती आहे आणि कुठे आहे, हे मोजावं.

मद्रासला १९५५ पासून जुळू लागलेल्या ३५० सीसी बुलेटचं इंजिन ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचं, ड्राय संप पद्धतीचं आहे, म्हणजे तेलाचा साठा क्रँकखाली न राहता वेगळ्या जागी राहतो. वेगळी तेलटाकी बाहेर लटकत नाही. क्रँककेसच्याच ओतकामात फ्लायव्हीलच्या मागे एक कप्पा आहे, त्यात साधारण सव्वादोन लिटर तेल राहतं. टायमिंग कव्हरमध्ये दोन छोटे पंप आहेत. एक तेल बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकाकडे, ढकलतो, दुसरा क्रँकखाली साचलेलं तेल उपसून परत टाकीत पाठवतो. परतीच्या पंपाची क्षमता मुद्दाम जास्त ठेवलेली असते, त्यामुळे चालू इंजिनात क्रँकचं पोट जवळपास रिकामं राहतं. (नंतरच्या यूसीई, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स एकाच ओतकामात असलेल्या, इंजिनात तेल खाली संपमध्येच असतं, त्यामुळे हे सगळं त्याला लागू नाही.)

या पंपांमध्ये व्हॉल्व्ह म्हणून एक गोल चकती असते. स्प्रिंगच्या दाबाने ती कव्हरवरच्या सपाट बैठकीला चिकटून मागे-पुढे डोलते आणि तेलाची भोकं उघडते-मिटते. गाडी उभी असताना टाकीतलं तेल आणि क्रँकचं पोट यांच्यामध्ये आडवं येतं ते एवढंच: दोन धातूंचे सपाट पृष्ठभाग आणि एक स्प्रिंग. चकतीवर ओरखडे पडले, कचरा अडकला किंवा स्प्रिंग दमली की तेल थेंबाथेंबाने खाली उतरतं. नव्या पंपातही थोडं उतरतंच. पावसाळ्याचे चार महिने झाकून ठेवलेली बुलेट दसऱ्याला धूर ओकते, तेव्हा तिला आजारी म्हणायचं कारण नाही. एका रात्रीत अर्धा लिटर उतरत असेल तर मात्र पंप बघायलाच हवा.

खाली साचलेल्या तेलात फ्लायव्हील बुडतात आणि सुरू होताच ते तेल सिलिंडरच्या भिंतीवर भिरकावतात. ऑइल रिंग चांगली असली तरी एवढं तेल तिला निपटत नाही. त्यामुळे प्लग ओला, सायलेन्सर निळा. रिंग गेल्यावरही अगदी हेच दिसतं, म्हणून पहिल्या पाच मिनिटांतला ओला प्लग पुरावा म्हणून काहीच कामाचा नाही. नवा किंवा स्वच्छ केलेला प्लग लावून वीस-तीस किलोमीटर गाडी चालवा आणि मग काढून बघा. वेट संपिंग असेल तर एव्हाना पोट उपसलं गेलेलं असतं, धूर पूर्ण थांबलेला असतो आणि प्लग कोरडा, तपकिरी निघतो. रिंग गेल्या असतील तर तो काळा-तेलकटच राहतो आणि चढावर, लोड आल्यावर, धूर वाढतो. गाइड झिजले असतील तर उतारावर थ्रॉटल बंद ठेवून खाली पुन्हा पिळल्यावर एक निळा भपकारा येतो. गाइडमुळे सकाळी सुरू करतानाही थोडा धूर निघतो, पण तो अर्ध्या-एक मिनिटाचा. वेट संपिंगचा धूर पाच-दहा मिनिटं चालतो.

डिपस्टिक तर सरळसरळ फसवते. सकाळी तेल बघितलं तर टाकी निम्मी दिसते. मालक घाबरून अर्धा लिटर ओततो. इंजिन चालू झालं की खालचं तेल परत वर येतं, टाकी काठोकाठ भरते आणि जास्तीचं तेल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, मागच्या चाकावर उडतं. मग "तेल पिते आणि तेल गळतेही" अशी दुहेरी तक्रार सुरू होते. इंजिन दहा मिनिटं चालवून, बंद करून, दोन मिनिटांनी पातळी बघायची. त्याआधी थेंबभरही ओतायचं नाही.

आता खरी चाचणी. तिला हत्यार म्हणून एक पाना, एक पसरट भांडं आणि मिलीलिटरच्या खुणा असलेला मग पुरतो. इंजिनाखाली टाकीचा आणि क्रँकच्या पोटाचा असे वेगवेगळे ड्रेन बोल्ट असतात. कोणता कुठला हे कळत नसेल तर एकेक खोलून बघा. ज्यातून दोन लिटरच्या आसपास तेल येतं तो टाकीचा. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा, मेन स्टँडवर लावा आणि लगेच पोटाचा बोल्ट खोला. निघालेलं तेल मोजा. शंभर-दीडशे मिली ठीक आहे. तेल गाळून टाकीत परत ओता, तांब्याचा वॉशर तापवून मऊ करून किंवा नवा घालून बोल्ट लावा आणि गाडी रात्रभर हलवू नका. सकाळी किक न मारता तोच बोल्ट पुन्हा खोला.

रात्री थोडं आणि सकाळी भरपूर तेल निघालं, तर तेल बंद गाडीत उतरतंय: पुरवठ्याच्या पंपाची चकती किंवा स्प्रिंग. रात्री गरम इंजिनातूनच अर्धा लिटर निघालं, तर परतीचा पंप नीट उपसत नाही. ते जास्त गंभीर, कारण असं इंजिन चालतानाही कायम तेलात न्हालेलं असतं आणि त्याचा धूर गरम झाल्यावरही थांबत नाही. याच गाड्यांचं बोअर सर्वांत जास्त वेळा विनाकारण होतं. दोन्ही वेळा थोडंच तेल निघालं आणि धूर तरीही चालूच असेल, तर संशय वरच्या भागावर न्यायला हरकत नाही.

प्रायमरी चेनकेसची, म्हणजे क्लच आणि त्याची चेन असलेल्या डब्याची, पातळीही बघून घ्या. पोटात साचलेलं तेल ड्राइव्ह साइडच्या सीलमधून तिकडे शिरतं, पातळी लेव्हल स्क्रूच्या वर जाते आणि क्लच घसरू लागतो. कारण नसताना क्लच प्लेट बदलणारेही भेटतात. ब्रीदरच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह असतो, तो कडक झाला असेल तर टाकून द्या. त्याच्यामुळे क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तेल सगळ्या जोडांतून पाझरतं. रबराचा एवढासा तुकडा बदलला नाही तर बाकीची कुठलीही परीक्षा विश्वासार्ह राहत नाही.

कॉम्प्रेशन तपासताना क्रम महत्त्वाचा आहे. पोटात तेल असताना घेतलेलं रीडिंग खोटं असतं, कारण भिंतीवरचं तेल रिंगची फट बुजवतं आणि झिजलेलं इंजिनही ठणठणीत वाटतं. किकही जड लागते आणि लोक खुश होतात. म्हणून आधी पोट रिकामं करा, गाडी चालवून गरम करा, प्लग काढा, गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत किक मारा. डीकॉम्प्रेसरच्या (किक सोपी व्हावी म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलणाऱ्या लिव्हरच्या) केबलमध्ये थोडी ढील आहे ना तेही बघा. ती ताणलेली असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचललेलाच राहतो. मग प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे पाच-सात मिली, इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर दोष रिंग-बोअरचा. जवळपास तेवढाच राहिला आणि मुळातच कमी असेल तर व्हॉल्व्ह बसत नाहीत.

एवढ्यावर बोअर दोषी ठरलं तरच सिलिंडर काढा. झीज सगळीकडे सारखी नसते. वरच्या रिंगच्या थांब्याजवळ, पुढच्या-मागच्या बाजूला ती सर्वाधिक असते, म्हणून बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांत मापं घ्या. रिंग सुटी बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ मिमी हा अंदाज धरला तर ७० मिमीला ०.२८ मिमीच्या आसपास फट यायला हवी. खालच्या न झिजलेल्या भागात ती बरोबर आणि वर पाऊण मिमी भरत असेल, तर नुसत्या नव्या रिंग घालून काही साधणार नाही. मूळ सिलिंडर ०.५० आणि १.०० मिमी अशा मोजक्याच ओव्हरसाइजपर्यंत जातो, पुढे आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवावी लागते. घाईत केलेलं प्रत्येक बोअर त्यातली एक संधी खातं.

पंपाचं काम घरी होतं. टायमिंग कव्हर उतरवून टेबलावर घ्या. दोन्ही पंपांच्या चकत्या, प्लंजर आणि स्प्रिंग वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, अदलाबदल नको. क्रँकच्या टोकावरच्या वर्म नटला हात लावायची गरज नाही. लावलाच तर त्याचे आटे डावे आहेत हे ध्यानात ठेवा. चकतीचा तळ काचेवर ८०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने तेलात घासा, नंतर बारीक ग्राइंडिंग पेस्टचा अगदी पातळ थर लावून ती स्वतःच्याच बैठकीवर फिरवा. करड्या रंगाचा सलग पट्टा पूर्ण वर्तुळभर दिसला की थांबा. कुठे चकाकता तुकडा राहिला असेल तर तिथे अजून टेकत नाही. पेस्टचा कण राहिला तर तो थेट बिग एंडला जातो, म्हणून रॉकेलने दोनदा धुऊन प्रत्येक भोकातून हवा मारा. स्प्रिंग जुनी ताणून वापरू नका. नवी स्वस्त आहे आणि पुण्यात नाना पेठेत सहज मिळते. झाकणांना कागदी गॅस्केटच घाला. सिलिकॉन लावलं तर त्याची बाहेर आलेली गोळी तुटून तेलाच्या वाटेत अडकते.

कव्हर बसवताना फिल्टरची पोकळी आणि पंप तेलाने भरून घ्या, नाहीतर पहिली काही मिनिटं बिग एंड कोरडा फिरेल. प्लग काढून, डीकॉम्प्रेसर दाबून किक मारत राहा. हेडमधल्या रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बँजो बोल्ट (आतून पोकळ बोल्ट) थोडा सैल ठेवा आणि तिथे बुडबुडे थांबून सलग तेल दिसेपर्यंत स्पार्क देऊ नका. मग बोल्ट आवळा, गाडी सुरू करा, गरम करा आणि पोटाच्या बोल्टची रात्र-सकाळची मोजणी पुन्हा करा. सकाळच्या मगातला आकडा आधीच्या चौथाईवर आला असेल तर काम झालं.