बेताल नाडी

शेजारच्या काकूंच्या पंचाहत्तरीला अमेरिकेतल्या लेकीनं स्मार्ट घड्याळ पाठवलं. महिन्याभरात त्यावर ‘ठोके अनियमित’ असा इशारा आला. तोवर छातीतल्या धडधडीला ‘गॅस झालाय’ म्हणत ओवा चघळणं चालू होतं. ईसीजीत निघालं एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टरांच्या बोलीत ए-फिब.

आम्ही शाळेत कर्णिका-जवनिका शिकलो, नातवंडं अलिंद-निलय म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद, खालचे दोन निलय. उजव्या अलिंदात सायनस गाठ, म्हणजे पेशींचा छोटा पुंजका असतो; तिथून मिनिटाला ६० ते १०० विद्युत संदेश निघतात. वय वाढलं, रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला, की अलिंदाच्या स्नायूत निबर तंतू वाढतात. विजेची लाट तिथे अडखळते, फुटते, भोवऱ्यासारखी फिरते. मग अलिंद नीट आकुंचन पावत नाहीत, मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. हेच ते ए-फिब.

तरी नाडी ६०० होत नाही! याचं श्रेय माझ्या लाडक्या एव्ही गाठीला. अलिंद आणि निलय यांच्या मध्ये बसलेल्या या गाठीचं वर्णन सुनाओ तावारा या जपानी संशोधकानं जर्मनीत काम करून १९०६ साली प्रसिद्ध केलं. इतर बहुतेक हृदयपेशी सोडियमच्या लोंढ्यानं क्षणात पेटतात. गाठीतल्या पेशी कॅल्शियमच्या संथ प्रवाहावर चालतात. एक संदेश पुढे गेला की सावरायला त्यांना वेळ लागतो, आणि धक्के जितके भराभर येतील तितकं वहन मंदावतं. काही संदेश तर गाठीत अर्ध्यावर विरतात, पण विरताना मागून येणाऱ्याची वाटही अडवतात. बाहेरून दिसत नाही म्हणून याला ‘प्रच्छन्न वहन’ म्हणायचं. कोणता संदेश सुटेल याचा नेम नाही, म्हणून नाडीला कसलाच ठेका उरत नाही. बीटा-ब्लॉकर गोळ्या गाठीची हीच सुस्ती वाढवतात.

खरी भीती धडधडीची नाहीच. डाव्या अलिंदाला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध अभ्यासात ए-फिब असणाऱ्यांना हा धोका सुमारे पाचपट दिसला. म्हणून धडधड थांबली तरी रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. चुंबकाचं कडं घालून गुठळी विरघळत नाही.

मनगटावर बोटं टेकून सगळे रोग ओळखणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण ठोक्यांचा ताल सुटलाय एवढं बोटांना पूर्ण मिनिटभरात बऱ्याचदा कळतं. मग ईसीजी काढायचा. काकूंचं घड्याळ हल्ली चार्जिंगअभावी कपाटात असतं. चहाआधी त्या मनगट धरून, भिंतीवरच्या सेकंदकाट्याकडे बघत बसतात.