पंखातली पेटी

इंदूरच्या बिजासन टेकडीवर देवीचं दर्शन झालं की बरेच जण जरा रेंगाळतात, शेजारच्या धावपट्टीवर उतरणारं विमान बघायला. मीही त्यातलाच. माझी भाची सेस्ना १५२ या दोन आसनी विमानावर शिकायला लागल्यापासून जरा जास्तच.

उडणं तिला लवकर जमलं. उतरणं जमेना. रोज घरी आली की तेच, "मामा, आजही आपटलं."

हे विमान साधारण ६० नॉटने, म्हणजे ताशी ११० किलोमीटरने, उतरायला येतं. जमीन तीन-चार मीटरवर आली की नाक अलगद वर घ्यायचं आणि वेग मरेपर्यंत थांबायचं. घोडं अडतं ते या थांबण्यात. पंखांच्या टोकांशी हवेचे भोवरे तयार होतात. जमिनीलगत त्यांना पसरायला जागा उरत नाही, त्यामुळे विमानाला मागे खेचणारं बल घटतं आणि ते तरंगतच राहतं. नवशिक्याचा धीर सुटतो. नाक दाबलं तर आपटतो, ओढलं तर फुग्यासारखा वर जातो.

त्यात इंदूरचा मे महिना. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५६४ मीटरवर, पण ४० अंशांच्या उन्हात हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ती उंची १,६०० मीटर. काटा ६० नॉट दाखवतो, खरा वेग ६५ च्या आसपास. जमीन अंगावर धावून येते.

मग बघायचं कुठे? जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या नजरेवर काम केलं. आपण ज्या बिंदूकडे चाललोय तो काचेत स्थिर दिसतो. बाकी सगळं त्याच्यापासून बाहेर पसरत जातं. शेवटच्या क्षणी मात्र जवळची जमीन नुसती रेघोट्या होऊन पळते. तेव्हा नजर धावपट्टीच्या पार टोकाला न्यायची. तिच्या कडा चपट्या होत जातात, त्यावरून उंची कळते. भाचीचे सर हिंदीत एवढंच सांगत, "नाक के नीचे मत देखो, दूर देखो." तिला ते पाठ होतं, पण डोळ्यांना पटायला तीन आठवडे गेले.

एका सकाळी पेटी वाजली. सेस्नाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. नाक वर जाऊन वेग पडला की तिथला दाब घटतो, हवा आतून ओढली जाते आणि वाटेतली पत्ती वाजते, अगदी आपल्या पेटीतल्यासारखी. पंख आता भार सोडणार, याची ती सूचना. पत्तीचा सूर लागला आणि त्याच क्षणी चाकं टेकली. धक्का नाही, उडी नाही. त्या दिवशी फोनवर तिला धड बोलता येत नव्हतं.

या आनंदाचा हिशेब मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर मांडला. अनपेक्षित फळांचा रस मिळाला की त्यांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी पेटायच्या. रस येणार हे खुणेवरून आधीच कळू लागलं की रस मिळताना त्या थंड. म्हणजे नुसत्या यशावर मेंदू खूश होत नाही, अंदाजापेक्षा बरं घडलं तर होतो. महिन्याभराने भाचीही कुरकुरली, "आता नीट उतरतं, पण मजा येत नाही."

मग एका दुपारी वायव्येचा वारा सुटला. आडव्या वाऱ्यात पंख वाऱ्याकडे झुकवून एकाच चाकावर उतरावं लागतं. पहिल्या तीन खेपा वाया गेल्या. चौथ्या खेपेला आधी उजवं चाक टेकलं, मग डावं, मग नाकाचं. रात्री पावणेअकराला तिचा फोन आला.