प्राणी कायद्यात बैल नाही? खुलासा

‘प्राणी संरक्षण म्हणजे शहरातल्या लोकांचं कुत्र्या-मांजरांचं खूळ, बैलाला कसला आलाय कायदा!’ बीड-परभणीकडं हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते साफ चूक आहे. प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी देशातली पहिली संस्था 1861 मध्ये कलकत्त्यात निघाली, तीच मुळी गाड्यांना जुंपलेल्या बैल-घोड्यांचे हाल पाहून.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं बैलावर जादा ओझं लादणं गुन्हा आहे. त्याच कायद्याखालच्या 1965 च्या नियमांनुसार पारा 37 अंशांपुढं असेल तर दुपारी 12 ते 3 बैल जुंपायचा नाही. दिवसाला जास्तीत जास्त 9 तास काम, सलग 5 तासांनंतर विसावा. उसाच्या गाडीला जू घासून सोललेला खांदा पाहिला, की वाटतं, हे नियम प्रत्येक कारखान्याच्या गेटवर ठळक मराठीत लागलेच पाहिजेत.