डेन्व्हरची विरळ हवा आणि हॉल ऑफ फेमची मते

अमेरिकेतील बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड होण्यासाठी क्रीडापत्रकारांच्या मतदानात किमान ७५ टक्के मते लागतात. लॅरी वॉकर या कॅनडाच्या खेळाडूला २०१४ मध्ये जेमतेम १० टक्के मते मिळाली होती आणि २०२० मध्ये, मतपत्रिकेवरील दहाव्या व अखेरच्या वर्षी, ७६.६ टक्के मिळून तो निवडला गेला. दुखापतींमुळे हुकलेले सामने हे या विलंबाचे एक कारण होते, पण मतदारांचा मुख्य आक्षेप त्याच्या घरच्या मैदानावर होता. डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर त्याची फलंदाजीची सरासरी .३८१ होती, म्हणजे दर शंभर प्रयत्नांत अडतीस यशस्वी फटके. बेसबॉलमध्ये शंभरात तीसही उत्तम मानले जातात. ‘हे आकडे खेळाडूचे नसून हवेचे आहेत’ असे म्हटले जाई. या आक्षेपात तथ्य किती, हे भौतिकशास्त्राच्या आधारे बऱ्यापैकी तपासता येते.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल, म्हणजे १,६०९ मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, यावरून त्या उंचीचा अंदाज येईल. १९९५ मध्ये सुरू झालेल्या कूर्स फील्डच्या वरच्या सज्जातील विसाव्या रांगेच्या खुर्च्या मुद्दाम जांभळ्या ठेवल्या आहेत. ती रांग बरोबर एक मैल उंचीची खूण आहे. या उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी झाल्यामुळे चेंडू लांब जातो, असा एक समज आहे, पण तो चुकीचा आहे. गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक एक दशांश टक्काही नसतो. हवेची घनता मात्र समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्केच उरते.

हा फरक किती मोठा आहे, हे गणित केल्याशिवाय लक्षात येत नाही. बेसबॉलचे वजन सुमारे १४५ ग्रॅम आणि घेर सुमारे २३ सेंटिमीटर असतो. जोरदार फटका बसलेला चेंडू बॅटवरून ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. हवेचा रोध घनतेच्या प्रमाणात, चेंडूच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हे आकडे सूत्रात घातले, तर समुद्रसपाटीला सुरुवातीचा रोध सुमारे पावणेदोन न्यूटन येतो. चेंडूचे वजन मात्र १.४ न्यूटनच्या आसपास आहे. म्हणजे पृथ्वी चेंडूला जितक्या जोराने खाली ओढते, त्याहून अधिक जोराने हवा त्याला मागे रेटत असते. शाळेत शिकलेला प्रक्षेप्याचा सुबक अन्वस्त इथे लागू पडत नाही, कारण त्यात हवा धरलेलीच नसते. डेन्व्हरला हाच रोध जवळजवळ वजनाइतका होतो आणि चेंडू साधारण पाच टक्के अधिक अंतर कापतो.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. चेंडू स्वतःभोवती फिरत असेल, तर त्याची शिवण आणि पृष्ठभाग आजूबाजूची हवा एका बाजूला ढकलतात आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार चेंडू विरुद्ध बाजूला ढकलला जातो. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. कर्व्हबॉल हा वळणारा चेंडू टाकताना पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देतो. त्यामुळे मागची हवा वर फेकली जाते आणि चेंडू अपेक्षेपेक्षा जास्त खाली येतो. हे बलही घनतेवर अवलंबून असल्याने डेन्व्हरला त्याचा परिणाम सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. फलंदाजाला चेंडूचा निर्णय घ्यायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ मिळतो, तेव्हा इतके कमी वळण त्याच्या फायद्याचेच असते. शिवाय होम रन (चेंडू थेट कुंपणापलीकडे नेणारा फटका) सहजसाध्य होऊ नयेत म्हणून कुंपण लांब नेल्यामुळे मैदान विस्तीर्ण झाले, क्षेत्ररक्षकांमधली मोकळी जागा वाढली आणि तिथे पडणारे फटकेही वाढले. १९९९ च्या एका हंगामात या मैदानावर ३०३ होम रन झाले.

यावर उपाय सापडला तो चेंडूच्या आत. दमट हवा ‘जड’ असते आणि म्हणून चेंडू अडतो, असे क्रिकेटच्या समालोचनातही आपण ऐकतो, पण वस्तुस्थिती उलट आहे. पाण्याच्या रेणूचा भार १८, नायट्रोजनचा २८ आणि ऑक्सिजनचा ३२ असतो. त्यामुळे त्याच तापमानाला व दाबाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा थोडी हलकीच असते. मात्र ३० अंशांनाही हा फरक फार तर दीड टक्क्याच्या आसपास राहतो. खरा फरक चेंडूने शोषलेल्या ओलाव्याने पडतो. बेसबॉलच्या आत कॉर्क व रबराच्या गाभ्याभोवती लोकरीचा धागा घट्ट गुंडाळलेला असतो आणि वर चामड्याचे आवरण असते. डेन्व्हरच्या कोरड्या हवेत हे सारे वाळून चेंडू कडक होतो आणि बॅटवरून जास्त उसळतो. म्हणून २००२ पासून तिथे सामन्याचे चेंडू सुमारे ५० टक्के सापेक्ष आर्द्रता राखणाऱ्या कक्षात ठेवले जाऊ लागले. इलिनॉय विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन नेथन यांनी प्रयोगातील मोजमापांवरून दाखवून दिले की, आर्द्रता ३० वरून ५० टक्क्यांवर नेल्यास लांब फटका १३-१४ फुटांनी तोकडा पडतो आणि तेवढ्याने होम रन सुमारे चतुर्थांशाने घटायला हवेत. प्रत्यक्ष सामन्यांतली घटही साधारण तेवढीच निघाली.

मतदारांनी घरच्या मैदानाचा विचार करणे योग्यच होते. अडचण अशी की ‘डेन्व्हर’ हा शब्द उच्चारला की अनेकांचा हिशेब तिथेच थांबत असे. खुद्द हॉल ऑफ फेम कूपर्सटाउनला आहे, तो अ‍ॅबनर डबलडे या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये तिथे बेसबॉल शोधला या दंतकथेमुळे. वास्तविक त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. पुराव्याविना रूढ झालेल्या समजुतींना या खेळात किती वजन मिळते, याचे हे ठळक उदाहरण आहे. १९९७ मध्ये वॉकरने मारलेल्या ४९ होम रनपैकी २९ परक्या मैदानांवर होते, ही नोंद सर्वांना उपलब्ध होती. घरी कमी वळणारे चेंडू खेळायची सवय लागलेल्या फलंदाजाला समुद्रसपाटीला पूर्ण वळणारा कर्व्हबॉल अधिक अवघड जात असणार, हा तर्कही मला पटतो. तसे असेल, तर परक्या मैदानांवरचे त्याचे आकडेसुद्धा त्याच्या खऱ्या क्षमतेपेक्षा कमीच दिसत असतील. मैदानानुसार आकडे दुरुस्त करण्याच्या पद्धती आता रुळल्या आहेत आणि त्या लावूनही वॉकर त्याच्या काळातील उत्तम फलंदाजांमध्येच मोडतो. डेन्व्हरच्याच संघाच्या टॉड हेल्टनलाही २०२४ मध्ये सहाव्या प्रयत्नात हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला.